गेलेली मराठी मागून घेताना

ज्या संध्याकाळी माझी वाचा गेली, त्या संध्याकाळी मला आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या मिळाल्या.

कार्यक्रम साक्षगंधाचा होता, म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा. मुलगी आमच्या पांढुर्ण्याची, मुलाकडचे छिंदवाड्याचे. अशी अर्धी मराठी, अर्धी हिंदी सोयरीक असली की माईक आपोआप माझ्या हातात येतो. धंद्याने मी कापड दुकानदार, पण माईक दिसला की कापडाचा तागा गुंडाळायचं विसरतो. मुलीकडच्यांना मराठीत चिमटे, मुलाकडच्यांना हिंदीत शेर, आणि दोघांना एकाच वाक्यात गुदगुल्या करायच्या, हा माझा हातखंडा.

त्या दिवशी मी नवऱ्या मुलाच्या मामाला स्टेजवर बोलावत होतो. "आता येत आहेत" इथपर्यंत पोचलो आणि पुढे काही नव्हतंच. मामा समोर उभा होता. फेटा होता, पोट होतं, हातात नारळ होता. फक्त त्याला काय म्हणतात ते नव्हतं. मी तोंड उघडलं तर ना मराठी ना हिंदी, भलतंच काही बरळलो. उजव्या हातातून माईक सुटला. ओठ एका बाजूला ओढला गेला.

मंडप हसून लोळला. लोकांना वाटलं, भाऊंनी, म्हणजे मी, मामाची नक्कल केली. शिट्ट्या, टाळ्या. त्या टाळ्यांत मी हळूहळू खुर्चीत घसरत गेलो आणि, खोटं कशाला बोलू, घसरतानाही मनात आलं की एवढा हशा तयारी करून कधी मिळाला नव्हता.

एकटी सुनंदा हसली नाही. सुनंदा म्हणजे माझी बायको, माहेर नदीपलीकडच्या सावरगावचं. ती बायकांच्या रांगेतून उठली आणि सगळ्या मंडपावरून ओरडली, "नाटक नोय हे! तोंड पाहा न याईचं!"

एवढ्या एका वाक्यावर मी आज हे लिहितो आहे. म्हणून पहिली गोष्ट सांगून ठेवतो. घरातल्या माणसाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अचानक बिघडलं, तर तो कितीही विनोदी माणूस असो, हसू नका. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका, थोडं झोपू द्या म्हणू नका. गाडी काढा. माझ्यासाठी त्या मामानेच गाडी काढली. मी त्याचं नाव घेऊ शकलो नाही, पण नागपूरपर्यंत त्याने माझं डोकं मांडीवर धरलं होतं.

डोक्यातली गोटमार

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. वेळेत आणलं म्हणून जीव वाचला, हात-पायही बरेच परत येतील. बोलण्याचं मात्र पाहू.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, तीच ही गोटमार. सासुरवाडीचे दगड मी जन्मभर चुकवले. शेवटी दगड लागला तो आतून. हा विनोद मला दवाखान्यात सुचला होता. सुचला, पण सांगता येईना. जो माणूस विनोद सुचताक्षणी शेजारच्याच्या मांडीवर थाप मारतो, त्याच्यासाठी ही केवढी शिक्षा असेल, कल्पना करा. पंचपक्वान्नांचं ताट समोर आणि तोंड शिवलेलं.

दवाखान्यातली सकाळ एकाच प्रश्नाने उगवायची: "नाव सांगा." मग बोट कुठे हलतं ते पाहा, जीभ बाहेर काढा, डोळे मिटा. मग चमच्याने घट्टसर काहीतरी भरवून गिळता येतं का ते पाहायचे. ज्या दिवशी मला पहिल्यांदा खराखुरा चहा मिळाला, तोही चमच्याने, त्या दिवशी मी रडलो. मोठ्या आजारात माणूस लहान गोष्टींवर रडतो. लाज वाटू देऊ नका. चहा चांगला होता.

आणि एका सकाळी वाचा आली. सुनंदा उशाशी बसली होती. माझा घसा कोरडा पडला होता. मी तिच्याकडे पाहिलं, सगळं बळ एकवटलं, आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणालो,

"बहनजी, ज़रा पानी दिखाइए."

बहनजी

हे किती भयंकर होतं ते कळायला तुम्हाला आमचा भाग माहीत हवा.

आम्ही मध्य प्रदेशात राहतो आणि मराठी बोलतो. शाळा हिंदी, तहसील हिंदी, दुकानाची पाटी हिंदी. घर, शेत, भांडण आणि प्रेम मराठी. तीही आमची नागपुरी-वऱ्हाडी, पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आम्हाला परगावचे पाहुणे समजून पाणी विचारेल. पण गंमत अशी की कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे आमच्याकडे नात्यासारखं ठरलेलं असतं. एकदा ठरलं की ठरलं. बँकेतला साहेब मराठी आहे हे माहीत असूनही मी त्याच्याशी हिंदीतच बोलतो, आणि तो माझ्याशी. उद्या तो अचानक मराठीत बोलला तर मला वाटेल, याला काही तरी हवंय.

सुनंदाशी मी लग्नापासून एक वाक्य हिंदीत बोललो नव्हतो. हिंदी ही आमच्यात काउंटरची भाषा. आणि माझी मराठी गेली होती. उरली होती ती काउंटरची. तीच तोंडातून येत होती: "बहनजी", "आइए", "दिखाइए", "इसमें दूसरा रंग भी मिलेगा". डॉक्टरांनी हात हलवायला सांगितला तर मी त्यांना म्हणालो, "एकदम पक्का रंग है."

सुनंदाने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी पाण्याचा पेला ठेवता ठेवता तिचा बांध फुटला. "बहनजी, बहनजी! मी काय गिऱ्हाईक हाव का जी तुमची? मायं नाव तं घ्या एकडाव."

तिने म्हटलेला प्रत्येक शब्द मला कळला होता. मराठी कानात येत होती, आत बसत होती, फक्त बाहेर यायचं दार बंद होतं. मी दार ढकललं, ढकललं आणि म्हणालो, "माफ़ कीजिए, बहनजी."

ती उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात माझ्यासाठी पपईची वाटी होती.

त्याच दुपारी एक चमत्कार झाला. नर्सने शीर सापडेना म्हणून सुई दुसऱ्यांदा टोचली आणि मी किंचाळलो, "माय वं!"

सुनंदा उडालीच. "मराठी! मराठी बोलले! सिस्टर, आखीन एकडाव टोचा न जी!"

दोन नोकरांचं दुकान

बोलणं शिकवायला निवेदिता मॅडम यायच्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण माझ्याकडे असं बघायच्या की चुकायला संकोच वाटू नये. 'माय वं' ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, शिव्या, हाका, आरत्या, पाढे हे पाठ झालेलं सामान असतं. ते वेगळ्या वाटेने बाहेर येतं. आपल्याला हवी ती रोजची, जुळवून बोलायची भाषा. ती वेगळी मेहनत.

मग त्यांनी मला समजेल असं समजावलं. लोकांना वाटतं, दोन भाषा म्हणजे डोक्यात दोन कपाटं. एक उघडलं की दुसरं बंद. तसं नसतं. दोन्ही भाषा सतत जाग्या असतात.

मी त्याचं माझ्यापुरतं दुकान करून टाकलं. गिऱ्हाईक दारात आलं की दोन्ही नोकर धावतात. दोघांना बोलायचं असतं. गल्ल्यावरचा मालक एकाला डोळ्यांनी दाबतो, "तू थांब", आणि दुसऱ्याला पुढे करतो. हे दिवसभर, न दिसता, चालू असतं. जो माणूस जन्मभर दोन भाषांत जगतो, त्याच्या मालकाला या दाबादाबीचा केवढा व्यायाम होत असेल! माझ्या दुकानात दगड पडला तो नेमका मालकाच्या डोक्यावर. एक नोकर गल्ल्यावर चढून बसला आणि दुसरा आत गोदामात अडकला. मेला नव्हता. अडकला होता.

हे ऐकल्यावर माझी भीती थोडी कमी झाली. गेलेला आणि अडकलेला यांत फार फरक असतो.

डॉक्टर पुढच्या फेरीला आले तेव्हा सुनंदाने त्यांना विचारलं, "मंग आमच्या बाबांचं काय जी? त्याईचं तं उलटं झालं."

बाबा

माझे बाबा मास्तर होते. सौंसर तालुक्यातल्या शाळांत, आणि सगळ्यांत जास्त रामाकोन्याला, त्यांनी मराठी घरांतल्या पोरांना हिंदी शिकवली. मलाही त्यांनीच शिकवली. रविवारी आमच्या घरात हिंदीशिवाय बोलायचं नाही असा त्यांचा कायदा. भाकरीसुद्धा हिंदीत मागायची. आईला हिंदी येत नसे, म्हणून रविवारी ती दिवसभर मुकी असायची आणि ताटाखालून मला भाकरी सरकवायची.

आता ऐंशी ओलांडल्यावर बाबांना विसरण्याचा आजार जडला आहे. आधी चष्मा, मग चुलत्यांची नावं, मग आई गेली आहे हे. आणि मग, आमच्या डोळ्यांदेखत, हिंदी. ज्या माणसाच्या हिंदीला सौंसरचे अधिकारी टरकून असायचे, तो टीव्हीवरच्या बातम्या ऐकून विचारू लागला, "हे कोण्या मुलकाचे लोक हायेत वं सुनबाई?"

डॉक्टर म्हणाले, असं होतं. पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत टिकते. तेच पुढे म्हणाले, जन्मभर दोन भाषा वापरणाऱ्यांत हा आजार उशिरा डोकं वर काढतो असं काही अभ्यास सांगतात. काही तसं मानत नाहीत. कदाचित त्या मेहनतीची काही शिल्लक मेंदूत साठते आणि आजार आत शिरला तरी माणूस तिच्यावर आणखी काही काळ चालतो. "तुमच्या वडिलांचं तसंच झालं असेल असं छातीठोक सांगता येणार नाही," ते म्हणाले, "पण नसेल असंही नाही."

मला ते पुरेसं होतं. मला वाटतं, रामाकोन्याच्या प्रत्येक पोराने बाबांच्या म्हातारपणाला एक-एक दिवस जोडला आहे. हे शास्त्र नाही, ही माझी हौस आहे.

पण मग मी घरी आलो. मागच्या अंगणात बाबा खुर्चीत बसले होते. मी काठी टेकत त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबूजी, मैं आ गया."

बाबा धडपडत उठले. हात जोडले. "सुनबाई, खुर्ची आण वं. सायेब आले कोणी."

"बाबा, सायेब नोय," सुनंदा म्हणाली, "हे तुमचेच लेक. नागपूरहून आले."

बाबांनी मला नीट पाहिलं. नम्रपणे हसले. मग तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "थो नागपूरलेच हाय अजून. येईन. हे दुसरे कोणी हायेत."

त्या दिवसापासून रोज, जेवण झालं की ते विचारायचे, "थो आला का?" माझ्यादेखत. कधीकधी मलाच.

एका घरात बाप आणि लेक. बापाकडे फक्त मराठी उरलेली, लेकाकडे फक्त हिंदी. ज्या माणसाने मला हिंदी दिली, त्याच्याशी त्याच हिंदीत मला 'मी आलो' एवढं सांगता येत नव्हतं. आणि मला ठाऊक होतं की हे विचारणंही एक दिवस थांबेल. चष्म्यासारखं, हिंदीसारखं. ते थांबायच्या आत मला पोचायचं होतं. माझ्या सगळ्या व्यायामांना, गोळ्यांना, चित्रांच्या कार्डांना त्यानंतर एवढं एकच कारण उरलं.

आमचा सभ्यपणा

आणि नेमकी इथे आम्ही एक चूक केली. ती आमच्याच भागातले लोक करू शकतात.

आमच्याकडे दहा माणसं गप्पा मारत बसली आणि त्यांत मराठी न येणारा एक जण येऊन टेकला की दहाच्या दहा हिंदी होतात. कोणी सांगावं लागत नाही. त्या एकाला परकं वाटू नये, एवढाच हेतू. आम्हाला या सभ्यपणाचा मोठा अभिमान आहे. तर सगळ्या पांढुर्ण्याने माझ्याशी हा सभ्यपणा केला. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच हिंदी होऊन आत यायचा. काका हिंदीत, शेजारीण हिंदीत. सुनंदाची हिंदी बाजारापुरतीच, तीही म्हणायची, "आप दवाई खा लो जी, मंग आराम करो." मी सगळं मराठी समजत होतो, पण मलाही वाटलं, लोक एवढ्या प्रेमाने हिंदी झालेत, आपण काय म्हणून मोडता घालायचा?

घर हिंदी झालं. मागच्या अंगणातले बाबा त्या घरात हळूहळू आणखी गप्प झाले.

पुढच्या तपासणीला निवेदिता मॅडमनी सहज विचारलं, "घरी कोणती भाषा चालते आता?"

"सारे हिंदीच बोलतो मॅडम," सुनंदा अभिमानाने म्हणाली, "याईच्यासाठी."

मॅडमनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. "मग मराठी त्यांच्या कानावर कोण घालतं?"

सुनंदाने बोटांवर घरातलं एकेक माणूस मोजलं. "बाबा," ती म्हणाली. "त्याईले सभ्यपणा जमत नाही आता."

"मग यांना बाबांजवळ बसवा."

नवा पोट्टा

मागच्या दाराच्या पायरीवर मी बसू लागलो. खुर्चीवर बसलो की बाबा 'सायेब' म्हणून उठायचे. पायरीवर बसलो तर उठत नसत. आमच्याकडे मान बसण्याच्या उंचीवर असतो. पायरीवरचा माणूस साहेब असूच शकत नाही.

मृग बहाराचे संत्रे आले होते. बाबांच्या मांडीवर वाटी, वाटीत संत्रा. सालं काढायला त्यांना अजूनही डोळे लागत नाहीत. त्यांनी एक फोड माझ्यासमोर धरली. मी डावा हात पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला.

"तोंड नाही का बे? माग."

"एक दीजिए," मी म्हणालो.

"हे काय बोलते?" त्यांनी फोड स्वतःच्या तोंडात टाकली. "मागशील तं भेटन."

हे मी ओळखलं होतं. हा रामाकोन्याचा वर्ग होता. बाबा पोरांना कधी 'हे काय, ते काय' विचारत नसत. ते वस्तू धरून बसायचे. खडू पाहिजे? हिंदीत माग. घंटा वाजवायचीय? हिंदीत माग. नाव सांगितलं म्हणून शब्द पोराचा होत नाही, असं ते म्हणायचे. हवा असला तर होतो. आता भाषा उलटी झाली होती, पद्धत तीच होती. मी त्यांच्या वर्गात आलेला नवा पोट्टा होतो, ज्याला मराठी येत नव्हती. बाबांना लेक ओळखू येत नव्हता, पण शिकवायला काय पाहिजे ते अचूक ओळखू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. त्यांनी माझ्या मिशीकडे संशयाने पाहिलं. "तुले मिशा लवकर आल्या बे," एवढंच म्हणाले आणि संत्रा सोलायला घेतला.

त्या वर्गात मी फार मार खाल्ला, शब्दांचा. "ढ हायेस." "कोण्या शाळेतून नापास होऊन आला?" एकदा अख्खा संत्रा त्यांनी माझ्यादेखत संपवला आणि बोटं धुवायला निघून गेले. मी पायरीवर बसून रडत होतो आणि हसतही होतो, कारण मला तो संत्रा खरोखर हवा होता. कार्डावरच्या संत्र्याचा मला कधी मोह झाला नव्हता.

पहिला 'दे' आला. एकटा, बोबडा. बाबांनी फोड दिली, आणि ती आंबट होती. मग 'फोड' आला. मग काही दिवस काहीच नाही, आलेलंही गेलं. असं होतं, घाबरू नका. वाट सरळ वर जात नाही, आमच्या घाटातल्या बससारखी मध्येच मागे घेऊन वळते. घरातही सुनंदाने फर्मान काढलं: यापुढे जो हिंदीत बोलेल त्याला चहा नाही. मला तेवढी सूट होती. जो शब्द ज्या भाषेत येईल तो चालेल, पण समोरच्याने मराठीच बोलायची.

एका दुपारी ती पोळ्या लाटत होती. मी दाराशी उभा राहून म्हणालो, "सुनंदा. तू जेवली का?"

लाटणं थांबलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. तव्यावरची पोळी उलटवून म्हणाली, "हे मले विचारून राहिले का बहनजीले?"

"तुले," मी म्हणालो.

थो आला का

पण बाबांचं विचारणं कमी होत चाललं होतं. आधी रोज, मग एक दिवसाआड. मग कितीतरी दिवस ते जेवून नुसते बसून राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचो, परीक्षेच्या निकालाची वाट पाहिल्यासारखा. मनात यायचं, उशीर झाला. ते वाट पाहायचंच विसरले, तर आता कोणाकडे पोचायचं?

वर्ग मात्र चालू होता. त्या दुपारी त्यांनी वाटीतला शेवटचा संत्रा सोलला, फोड धरली आणि म्हणाले, "आज पुरं बोलजो. तुकडे नाही."

मी श्वास घेतला. मंडपात माईक हातात घेतल्यावर घ्यायचो तसा.

"गुर्जी, मले एक फोड द्या न जी. आंबट असन तं तुम्हीच खा."

बाबा मोठ्याने हसले. किती दिवसांनी हसले ते! त्यांनी फोड परत संत्र्याला चिकटवल्यासारखी केली आणि अख्खा संत्रा माझ्या ओंजळीत ठेवला. मग डोक्यावर टपली मारली.

"झालं. तुले येते आता. जाय घरी." सालं झटकत ते म्हणाले, "तुया बाप वाट पाहून राहिला असन."

मी पायरीवरून उठलो. स्टेजवरचा माणूस आहे मी. बाहेर जायला सांगितलं की खरंच बाहेर जावं लागतं हे मला कळतं. संत्रा खिशात टाकला आणि अंगणाच्या मागच्या फाटकातून गल्लीत आलो. काठी टेकत, उजवा पाय ओढत घराला वळसा घातला. शेजारीण म्हणाली, "कुठी चालले भाऊ?" मी म्हणालो, "घरी." ती माझ्या घराकडे आणि माझ्याकडे पाहत राहिली.

पुढचं दार उघडं होतं. बैठकीतून, स्वयंपाकघरातून आत आलो. सुनंदाने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ती बाजूला झाली आणि पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मी मागच्या दाराशी गेलो. पायरीवर बसलो नाही. उभा राहिलो.

"बाबा," मी म्हणालो. "आलो मी."

बाबांनी मान वर केली. खूप वेळ पाहिलं. काठी पाहिली, पाय पाहिला, मिशी पाहिली.

"किती उशीर रे बाप्पा," ते म्हणाले. "जेवला का?"

"जेवतो आता."

"संत्रा देल्ला असता तुले. आत्ताच एका पोट्ट्याले देऊन टाकला. बम हुशार पोट्टं हाय."

मी खिशातून संत्रा काढला. एक फोड वेगळी करून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मागितली नाही आणि हातही पुढे केला नाही. माझा हात माझ्याच तोंडाकडे ढकलला.

"तू खाय," ते म्हणाले. "लांबून आला."